किती टक्के झालं, दादा? सार्वजनिक चार्जरवर गाडी लावण्याची रीत

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याहून कोल्हापूरकडे निघालेल्या बऱ्याच इलेक्ट्रिक गाड्या साताऱ्याच्या आसपास चार्जिंगला थांबतात. हॉटेलच्या आवारात एक चार्जर, त्याला दोन गन (केबलच्या टोकाची, गाडीत खुपसायची मूठ) आणि हिरव्या पाटीच्या पाच गाड्या. पहिल्या गाडीचा मालक आत जेवतोय, दुसऱ्या गाडीचा कुठे आहे कुणालाच माहीत नाही, तिसऱ्याकडे ४ टक्के उरलेत आणि त्याचा आवाज चढलाय. पेट्रोल पंपावर पुढची गाडी तीन-चार मिनिटांत हलते, म्हणून तिथे कुणी कसंही वागलं तरी निभावतं. इथे एकेका गाडीला पाऊण तास लागतो, त्यामुळे एकाचं रेंगाळणं मागच्या चौघांना भोवतं.

चार्जरवरची बरीचशी भांडणं माणसांच्या स्वभावाची नसून बॅटरीतल्या टक्क्यांची असतात, असं माझं मत आहे. ४ टक्क्यांवर पोचलेला माणूस कुणालाही पुढे जाऊ देऊ शकत नाही. ३० टक्क्यांवर पोचलेला मात्र 'घ्या तुम्ही आधी, मी कराडला बघतो' असं सहज म्हणतो. म्हणून चार्जरवर नीट वागण्याची तयारी चार्जरवर पोचायच्या आधीच करावी लागते.

घरून निघताना

लांबच्या प्रवासाला घरच्या किंवा सोसायटीच्या चार्जरवर रात्री पूर्ण भरूनच निघा. ज्यांना हे शक्य आहे त्यांनी 'रस्त्यात घेऊ' म्हणणं म्हणजे ज्यांना शक्य नाही त्यांची जागा अडवणं. शिवाय घरचं युनिट स्वस्त पडतं. बाहेरच्या दरावर १८ टक्के जीएसटीही लागतो.

मग रस्ता पाहा, आणि नुसते किलोमीटर मोजू नका. मुंबईहून पुण्याला येताना बोरघाट चढावा लागतो. खोपोली ते लोणावळा उंची साडेपाचशे मीटरच्या आसपास वाढते. माणसं आणि सामान धरून सतराशे किलोची गाडी तेवढी वर न्यायला अडीच-तीन युनिट जास्तीची जातात, म्हणजे ४० युनिटच्या बॅटरीतले सहा-साडेसात टक्के. उतरताना यातला काही भाग गाडी परत मिळवते. हा हिशेब एकदा डोक्यात बसला की मुंबईहून पूर्ण भरून निघालेल्या आणि पुण्यातच थांबणाऱ्या माणसाला एक्स्प्रेसवेवरच्या फूड मॉलमध्ये 'असू दे थोडं' म्हणून गन लावायची गरज उरत नाही. ती गन पुढे सोलापूरला जाणाऱ्याला मोकळी राहते.

थांबायचं ठिकाण ठरवताना एकाऐवजी दोन ठरवा: पहिलं जिथे थांबायचं ते, आणि दुसरं त्याच्या पुढचं, तीस-चाळीस किलोमीटरवरचं. पहिल्या ठिकाणी पोचताना दुसऱ्यापर्यंत जाण्याइतकी बॅटरी उरली पाहिजे. साधारण २० ते २५ टक्के. राज्याच्या २०२५ च्या इलेक्ट्रिक वाहन धोरणात महामार्गांवर दर २५ किलोमीटरला चार्जिंगची सोय करायचं उद्दिष्ट आहे. तोवर कोकणात जाणाऱ्यांनी ३० टक्के धरून चालावं. गणपतीत मुंबई-गोवा रस्त्यावर चिपळूणला पोचावं आणि नेमकी लाइट गेलेली असावी, हे पावसाळ्यात अजिबात अशक्य नाही.

ॲपचं काम घरीच उरका. वेगवेगळ्या चार्जिंग कंपन्यांची तीन-चार ॲप्स, प्रत्येकात खातं उघडलेलं, वॉलेटमध्ये थोडे पैसे. गन हातात घेऊन, नेटवर्कला एकच दांडी असताना ओटीपीची वाट बघत उभा राहिलेला माणूस चार्जर वापरत नसतो, तरी अडवून मात्र ठेवतो. काही रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्यांना टोलमाफी आल्यापासून माझ्या ओळखीत तरी लांबच्या प्रवासाला पेट्रोलऐवजी इलेक्ट्रिक गाडी काढणारे वाढलेत, आणि त्यात नवखे बरेच असतात. त्यांना हे आधी कुणीतरी सांगायला हवं.

कुठली गन घ्यायची

पोचल्यावर आधी चार्जरवरचा आकडा वाचा. ३०, ६०, १२०, १८० किंवा २४० किलोवॅट, जो असेल तो. म्हणजे तासाला जास्तीत जास्त तेवढी युनिट. मग आपली गाडी जास्तीत जास्त किती घेते ते आठवा. टियागोसारखी छोटी गाडी २५ किलोवॅटच्या आसपास घेते, मोठ्या बॅटरीची महिंद्रा बीई ६ मात्र १७० च्या वर जाऊ शकते. छोटी गाडी १२० च्या चार्जरला लावली म्हणून लवकर भरत नाही. शेजारी ३० चा चार्जर मोकळा असेल तर तोच घ्या. मोठ्या चार्जरवर दुसऱ्या कुणाचं काम वीस-पंचवीस मिनिटांत होऊन जाईल आणि तुमचा एक मिनिटही वाया जाणार नाही.

दोन गनच्या चार्जरचं गणित वेगळं. ६० किलोवॅटच्या बऱ्याच चार्जरवर एकच गाडी असेल तर तिला पूर्ण ताकद मिळते. दुसरी लागली की ३०-३० अशी वाटणी होते. दुसरी गन लावायला पहिल्याची परवानगी लागत नाही, पण त्याला सांगणं बरं: 'मी दुसरी लावतोय, तुमचा वेग थोडा कमी होईल.' न सांगता लावली की स्क्रीनवर अचानक अर्धा झालेला आकडा पाहून तो चार्जर बिघडला समजतो, सेशन बंद करून पुन्हा चालू करतो आणि दोघांचाही वेळ जातो. दोन चार्जर असतील आणि दोन्हींवर एकेक गन मोकळी असेल, तर ज्याची गाडी ७०-७५ टक्क्यांच्या पुढे गेली आहे त्याच्या शेजारी लावा. त्याची गाडी तशीही कमीच घेत असते.

गाडी लावताना केबल पोचेल एवढीच जागा घ्या. आडवी लावली की शेजारची गन असूनही निरुपयोगी होते.

नंबर लावणं

ॲपला रांग कळत नाही. गन लागलेली आहे की मोकळी एवढंच ते दाखवतं. समोर तीन गाड्या ताटकळत असतात आणि गन निघाली की क्षणभर ॲपवर 'उपलब्ध' दिसतं. ते पाहून हायवेवरून आत वळलेला चौथा सरळ गन उचलतो. तो उद्धट असतोच असं नाही. त्याला खरंच माहीत नसतं.

म्हणून गाडी थांबवली की खाली उतरा आणि विचारा: 'शेवटचा नंबर कुणाचा?' एसटी स्टँडवर आणि रेशनच्या दुकानात चालतो तो प्रश्न इथेही तितकाच चालतो. ज्याचा शेवटचा नंबर आहे त्याची गाडी लक्षात ठेवा. तुमच्यामागून कोणी आला की त्याला स्वतःहून सांगा, की आता शेवटचा मी. तीनपेक्षा जास्त गाड्या झाल्या की एखाद्याने गाड्यांचे शेवटचे चार आकडे कागदावर क्रमाने लिहून चार्जरला चिकटवावेत किंवा हॉटेलच्या वॉचमनकडे द्यावेत. कागद आला की आवाज खाली येतात, हे पाहिलेलं आहे.

नंबर लावून जेवायला गेलात आणि तुमची पाळी आली तेव्हा सापडला नाहीत, तर मागच्याने पाचेक मिनिटं थांबून गन घ्यावी. परत आल्यावर तुम्ही त्याच्यानंतर. यात वाद घालू नये. लाइट गेली आणि परत आली, तर आधी ज्याची चालू होती त्यालाच पुन्हा लावू द्यावी. रांग पहिल्यापासून लागत नाही.

काही ॲपवर वेळ राखून ठेवता येते. कुणी तशी राखली असेल तर ती मान्य करावी, पण राखलेल्याने वेळेवर यावं. दोन-तीन ठिकाणी एकाच वेळी राखून ठेवणारे महाभाग असतात. त्यांच्याविषयी न लिहिलेलं बरं.

गन लावली, चालू होत नाही

हे वरचेवर होतं, आणि मागे रांग असली की घाम फुटतो. क्रम असा ठेवा: गाडी बंद करा. गन काढून अर्धा मिनिट थांबा. सॉकेटच्या तळाची रबरी टोपी नीट बाजूला आहे ना पाहा. पुन्हा लावताना गन आत दाबून धरा आणि चार्जिंग सुरू होईपर्यंत हाताने किंचित वर उचलून ठेवा. जाड केबलच्या वजनाने गन खाली झुकते, पिना पुरत्या टेकत नाहीत आणि गाडीचं चार्जरशी बोलणंच होत नाही. हात दिला की बऱ्याचदा तेवढ्यावर काम भागतं. नाहीच झालं तर दुसरी गन मागा. दोन-तीन प्रयत्नांनंतरही चालू झालं नाही तर बाजूला व्हा, मागच्याला लावू द्या आणि हेल्पलाइनशी बोलणं बाजूला उभं राहून करा. मागच्याची गाडी चालू झाली तर दोष चार्जरचा नाही हे तरी कळतं.

लाल इमर्जन्सी बटण हा यावरचा इलाज नाही. ते दाबलं की दोन्ही गन बंद पडतात, आणि काही ठिकाणी कंपनीच्या माणसाने सोडवल्याशिवाय चार्जर उठत नाही. धूर, ठिणगी, जळका वास किंवा कुणाला शॉक, एवढ्याचसाठी ते आहे. दुसऱ्याची गाडी हटत नाही म्हणून ते दाबणाऱ्याने आपल्यासकट सगळ्यांचीच वाट अडवलेली असते.

८० टक्के

सगळ्यात जास्त वाद इथे होतात, म्हणून हा हिशेब समजून घ्या. ४० युनिटची बॅटरी २० वरून ८० टक्क्यांवर न्यायला २४ युनिट लागतात. ३० किलोवॅटच्या गनवर साधारण पन्नास मिनिटं. पुढच्या २० टक्क्यांना ८ युनिट लागतात, म्हणजे त्याच वेगाने सोळा मिनिटांत व्हायला हवीत. तशी होत नाहीत. बॅटरी भरत आली की ती जपण्यासाठी गाडी स्वतःच वीज कमी घेऊ लागते. ३० चा आकडा २० होतो, १२ होतो, शेवटी ५-६ वर येतो. या २० टक्क्यांना चाळीस मिनिटं किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात. मेच्या दुपारी हायवेवरून तापून आलेली बॅटरी तर आधीपासूनच हळू घेते.

त्यामुळे मागे कुणी थांबलं असेल तर ८० ला गन काढायची. त्यात उपकार नाहीत. तुमचाही वेळ वाचतो, कारण शेवटच्या २० टक्क्यांसाठी इथे घालवलेल्या चाळीस मिनिटांत पुढच्या चार्जरवर, कमी टक्क्यांवर असताना, दुप्पट-अडीचपट युनिट मिळतात.

मात्र हा नियम दगडावरची रेघ समजू नका. पुढचा चार्जर बंद आहे, किंवा कणकवलीपर्यंत भरवशाचं काही दिसत नाही, तर ९० पर्यंत घ्या, पण मागच्याला कारण सांगा. सांगितलं की माणसं समजून घेतात. न सांगता गाडीत काच वर करून बसलेल्याविषयी मात्र गैरसमज होतो. आणि मागे कुणीच नसेल तर खुशाल १०० करा. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर अधूनमधून १०० पर्यंत भरायला कंपन्या सांगतात. ते काम घरच्या संथ चार्जरवर करायचं असतं, सुट्टीच्या दिवशी हायवेवर नाही.

एखादा ३ टक्क्यांवर धापा टाकत येतो, तुम्ही ६० वर असता. द्यायची का गन? पुढचा चार्जर किती लांब आहे ते आधी विचारा. ३० किलोवॅटवर दहा मिनिटांत पाच युनिट मिळतात, म्हणजे तीसेक किलोमीटर. तेवढ्यात तो पुढच्या ठिकाणी पोचणार असेल आणि तुम्हाला दहा मिनिटं परवडत असतील तर द्या. पोचणार नसेल तर त्या दहा मिनिटांचा कुणालाच उपयोग नाही. त्याला रांगेत थांबू द्या. गाडीत आजारी माणूस किंवा तान्हं मूल असेल तर प्रश्नच नाही. मागणाऱ्याने मात्र हे हक्काने मागू नये. तीन टक्क्यांवर येणं त्याने स्वतः ठरवलेलं असतं.

गाडी सोडून जाताना

मिसळ मागवायच्या आधी गाडीने दाखवलेली वेळ पाहा. पन्नास मिनिटं असतील तर चाळिसाव्या मिनिटाचा गजर लावा. ॲपचा निरोप येतोच असं नाही.

काचेच्या आत, बाहेरून वाचता येईल अशी चिठ्ठी ठेवा: 'दीडपर्यंत. आत जेवतोय.' खाली फोन नंबर. एकटी बाई असेल किंवा नंबर असा उघड लिहायचा नसेल, तर नुसती वेळ लिहा आणि नंबर वॉचमनकडे किंवा हॉटेलच्या काउंटरवर देऊन ठेवा. या दोन ओळींनी जेवढी भांडणं टळतात तेवढी ॲपच्या कुठल्याही सोयीने टळत नाहीत. खोटी वेळ लिहू नका, एवढंच.

चार्जिंग संपल्यावर पाच-दहा मिनिटांत गाडी हलवा. काही कंपन्या त्यानंतर मिनिटाला पैसे लावतात. जिथे लावत नाहीत तिथेही जागा अडतेच. जेवण अर्ध्यात असेल तर घरातल्या एकाने उठून गाडी बाजूला लावून यावी. थालीपीठ तेवढ्यात गार होत नाही.

दुसऱ्याच्या गाडीची गन

चालू असलेली गन काढायची नाही. तशी ती निघतही नाही. चार्जिंग चालू असताना गाडी ती आतून कुलूप लावून धरते. ओढाताण केली तर सॉकेट किंवा खटका मोडतो, आणि दुरुस्ती मालकाच्या नाहीतर चार्जर कंपनीच्या माथी बसते. सेशन संपलं आहे, स्क्रीनवर तसं लिहून आलं आहे, चिठ्ठीवरची वेळ उलटून गेली आहे, फोन लागत नाही, आणि गन सहज निघतेय, एवढं सगळं जुळलं तर काढायला हरकत नाही. काढलीत तर गाडीची टोपी आणि झाकण लावा, चिठ्ठी ठेवा. मालकाच्या स्वतःच्या केबलला मात्र कुठल्याही परिस्थितीत हात लावू नये.

पिवळ्या अक्षरांच्या गाड्या

हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरं म्हणजे खासगी गाडी, पिवळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. पुण्या-मुंबईच्या शहरातल्या चार्जरवर या पिवळ्या अक्षरांच्या गाड्या भरपूर दिसतात आणि खासगी गाडीवाले त्यांच्यावर नाराज असतात: 'हे तासन्‌तास लावून झोपतात.' काही झोपतातही. पण ज्याच्या घरी पार्किंग नाही, चार्जर नाही, आणि पुढचं भाडं विमानतळाचं आहे, त्याला १०० टक्के का हवेत हे समजण्यासारखं आहे. आपण सहलीला निघालोय, तो कामावर आहे.

त्याच्याशी बोलायची सुरुवात 'अजून किती वेळ?' अशी केली की ते भांडणाच्या तयारीसारखं वाटतं. 'किती टक्के झालं, दादा?' असं विचारा. मग तो सांगतो: 'शहात्तर. पण मला नव्वद तरी लागतील, ठाण्याचं भाडं आहे.' आता बोलता येतं. आपल्याला नुसते दहा टक्के हवे असतील तर तसं सांगावं. बऱ्याचदा तोच सुचवतो की शेजारची गाडी पाच मिनिटांत निघतेय, ती माझ्या मित्राचीच आहे. रोज तिथे असल्यामुळे कुठली गन कधी अडते, कुठल्या चार्जरला रात्री नेटवर्क नसतं, हे त्यांना ॲपपेक्षा चांगलं माहीत असतं. आपणही घरी चार्जर असताना केवळ मॉलमध्ये आलोय म्हणून शहरातली गन अडवू नये.

चार्जरच्या जागेत पेट्रोलची गाडी

बहुतेकांना ती जागा कशाची आहे हेच कळलेलं नसतं, म्हणून आवाज न चढवता सुरुवात करा. आधी वॉचमनला गाठा. हॉटेलात गाडीचा नंबर पुकारायला तोच सांगू शकतो. मालक आला की 'साहेब, इथूनच गाडी चार्ज होते, जरा पुढे घेता का?' एवढं पुरतं. चाकाची हवा सोडणं, मागे गाडी लावून त्याला कोंडणं हे प्रकार करू नका. कोंडलेली गाडी तुमच्यापुढेच उभी राहते. वारंवार असं होत असेल तर हॉटेलच्या मॅनेजरला सांगा की तिथे जागा राखायला दोन ट्रॅफिक कोन (प्लास्टिकचे शंकू) ठेवा. चार्जरमुळे गिऱ्हाईक पाऊण तास थांबतं आणि खातं, हे त्याला समजावून सांगावं लागत नाही.

निघताना

गन परत तिच्या खाचेत अडकवा. जमिनीवर पडलेल्या गनवरून चाक गेलं की ती कायमची जाते, आणि पावसात तोंड वर करून टाकलेल्या गनमध्ये पाणी साचतं. केबल गुंडाळून खांबावर टाका, नाहीतर रात्री कुणीतरी तिच्यात पाय अडकून पडतो.

एक गन बंद आढळली तर चार्जरवर कागद लावा, ॲपवर तक्रार नोंदवा आणि शक्य असेल तर चार्जर शोधायच्या ॲपवर दोन ओळी लिहा. 'बंद आहे' एवढं पुरेसं नाही. 'डावी गन चालू होत नाही, उजवी ठीक, ४२ किलोवॅट मिळाले, रात्री दहानंतर गेट बंद' असं लिहा. चालू असलेल्या चार्जरबद्दलही लिहा, कारण मागच्या महिन्यातल्या तक्रारी वाचून लोक चांगला चार्जर सोडून पुढे जातात आणि पुढच्या ठिकाणी गर्दी होते.

हॉटेलातला रात्रीचा चार्जर

महाबळेश्वर, अलिबाग किंवा तारकर्लीच्या हॉटेलात बहुधा ७ किलोवॅटचा एकच एसी, म्हणजे घरच्यासारखा संथ, चार्जर असतो आणि रात्रीला गाड्या तीन. इथे ८० टक्क्यांचा नियम फारसा उपयोगी नाही, कारण वेग शेवटपर्यंत जवळजवळ सारखाच राहतो. संध्याकाळी रिसेप्शनवरच ठरवून घ्या: ज्याला पहाटे निघायचं त्याला शेवटची पाळी, म्हणजे त्याची गाडी भरलेली आणि जोडलेलीच राहील. ज्याला उद्या दिवसभर इथेच राहायचं त्याने रात्री जागा मागूच नये. त्याने सकाळी नाश्त्यानंतर लावावी. रात्री साडेबाराला गाडी बदलायची असेल तर कोण उठणार हेही आधीच ठरवा, आणि किल्ली रिसेप्शनवर ठेवायची असेल तर गाडीतल्या मौल्यवान वस्तू काढून घ्या.